आईचं कानामागचं मशीन ड्रॉवरमध्ये गेलंय. खरंच बिघडलंय का?

अर्धविराम:

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

आई ७४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी दोन्ही कानांना कानामागची मशीनं घेतली. कानात बसणारा पारदर्शक मोल्ड, त्यातून निघणारी नळी, नळीच्या टोकाला हुक आणि हुकाला जोडलेलं मशीन, असा तो नेहमीचा प्रकार. चार्जिंगचं नाही, सेलवर चालणारं. १३ नंबरचा, केशरी स्टिकरचा सेल. पहिलं दीड वर्ष मस्त गेलं. मावशीशी फोनवर तासतास बोलायची. गेल्या दोन महिन्यांत मात्र काहीतरी फिसकटलंय.

उजवं मशीन शिट्टी मारतं. गंमत म्हणजे शिट्टी आम्हा सगळ्यांना ऐकू येते, तिला नाही. आम्ही सांगितलं की ती कानाकडे हात नेते, आणि हात नेला की आणखी जोरात वाजतं. मधेच आवाज गपकन जातो आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप परत येतो. सेल पूर्वी दहा-बारा दिवस पुरायचा, आता कधीकधी चौथ्या दिवशीच ‘टुंग टुंग’ सुरू. आणि गेल्या आठवड्यापासून दोन्ही मशीनं डबीत घालून डबी ड्रॉवरमध्ये. ‘माझं काही अडत नाही’ म्हणते.

जिथून घेतली तिथे दाखवलं. त्यांनी मोल्ड कानात नीट बसतोय का तेही न बघता ‘जुनं झालंय, नवीन मॉडेल बघून घ्या’ म्हणून सांगितलं. दोन वर्षांत जुनं? मला त्यातलं काही कळत नाही म्हणून गप्प बसलो, पण पटलेलं नाही. जाणकारांनी सांगावं, नवीन घ्यायच्या आधी घरी काय काय बघता येईल?


दोनकान्या:

घेऊ नका. निदान आज तरी घेऊ नका.

मी १९ वर्षं दोन्ही कानांना लावतोय, तिसरी जोडी चालू आहे. साधारण पाच वर्षं एक जोडी चालते, नीट ठेवली तर जास्तही. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी मी प्रत्येकी दहा वेळा तरी भोगल्या आहेत आणि त्यातल्या जेमतेम दोनदा दोष मशीनमध्ये निघाला. बाकी वेळा नळी, मोल्ड, सेल, नाहीतर माझाच कान.

शिट्टीचं आधी समजून घ्या. कानात सोडलेला आवाज कुठून तरी फटीतून बाहेर येतो, वरच्या माइकमध्ये परत शिरतो, पुन्हा मोठा होऊन कानात जातो, पुन्हा बाहेर येतो. सभागृहात माइक स्पीकरजवळ नेला की जे होतं तेच. म्हणजे प्रश्न एवढाच, की फट कुठे आहे. ती शोधायला अंगठा पुरतो.

मशीन कानातून काढा, चालूच ठेवा, नेहमीच्या आवाजावर. मोल्डच्या कानात जाणाऱ्या टोकाला भोक असतं, ते अंगठ्याने घट्ट दाबा. मोल्डला बाजूने आणखी एक बारीक आरपार भोक असेल (व्हेंट म्हणतात त्याला), तर तेही दुसऱ्या बोटाने बंद करा. शिट्टी थांबली तर नळी-मशीन ठीक, मोल्ड कानात नीट बसत नाहीये किंवा कानात मळ आहे. थांबली नाही तर नळी हुकापासून सोडवा आणि हुकाच्या तोंडावर बोट ठेवा. आता थांबली तर फट नळीत किंवा नळी मोल्डला चिकटते तिथे. तरीही वाजतेय तर हुक किंवा मशीन. तेव्हा जा दुरुस्तीला.

करून बघा आणि इथे लिहा.


उंटावरचा_शहाणा:

सोपा उपाय. कापसाला स्पिरिट लावून मशीन आणि मोल्ड दोन्ही स्वच्छ पुसायचं, मग हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम हवा. आमच्याकडे चष्म्यापासून रिमोटपर्यंत सगळं असंच साफ होतं.


बावीस_श्रुती:

उंटावरचा_शहाणा, कृपया हा सल्ला मागे घ्या. :) मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासून मशीन बसवून देणारी. स्पिरिटने मोल्ड आणि नळी कडक पडतात, मशीनच्या बाहेरच्या आवरणावर परिणाम होतो, आणि हेअर ड्रायरची उष्णता आतल्या भागांना सोसत नाही. मशीन फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसायचं. माइकची भोकं वरच्या बाजूला असतात, तिथे मशीनसोबत मिळालेला छोटा ब्रश फिरवायचा, तोही मशीन उलटं धरून, म्हणजे धूळ आत ढकलली न जाता खाली पडते.

धुवायचा तो फक्त मोल्ड, आणि तोही मशीनपासून सोडवल्यावर. एका हाताने हुक धरा, दुसऱ्या हाताने नळी हुकाच्या अगदी लगत धरून हळूच पिळत ओढा. मोल्डला धरून ओढलंत तर नळी मोल्डमधून उपटून येईल. सोडवण्याआधी नळीचं वळण कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा, नाहीतर परत जोडताना मोल्ड उलट्या दिशेला तोंड करून बसतो आणि लोक अर्धा तास झगडत राहतात. उजव्यावर लाल खूण असते, डाव्यावर निळी. दोन्ही मोल्ड एकदम धुवायला घेतले तर मशीनं तरी वेगवेगळ्या बाजूंना ठेवा. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, मग रबरी फुग्याचा ब्लोअर मिळतो त्याने नळीतलं पाणी उडवून टाकायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी जोडायचं.

अर्धविराम, आवाज गपकन जाऊन आपोआप परत येतो असं लिहिलंय तुम्ही. ते साधारण कधी होतं? आईंचं काम आटोपल्यावर, चालून आल्यावर, घाम आल्यावर?


अर्धविराम:

हो!! बहुतेक वेळा सकाळी, चालून आल्यावर. हा विचारच केला नव्हता.


बावीस_श्रुती:

मग मशीन ड्रॉवरमधून काढा, आईंना पंधरा मिनिटं लावायला सांगा, आणि आवाज गेला म्हणाल्या की लगेच नळी उजेडात धरून बघा. भिंग असेल तर उत्तम.

कानातली हवा गरम आणि दमट असते. नळी कानाबाहेर असते, ती गार. गार पडलेल्या नळीत ती वाफ थेंब होऊन बसते, आरशावर बसते तशीच. नळीचं आतलं भोक जेमतेम दोन मिलिमीटर, एक थेंब आडवा बसला तरी पुरतो. आवाज हा हवेतूनच जायचा असतो, वाट बंद झाली की सगळं ठप्प. थेंब सुकला की आवाज परत. मशीन बिचारं तेवढा वेळ व्यवस्थित बोलतच असतं.


अर्धविराम:

धन्यवाद सगळ्यांना. आज रविवार, सकाळपासून हेच करत बसलोय. क्रमाने लिहितो.

थेंब सापडला. खरंच सापडला! उजव्या नळीत, वळणाच्या जरा खाली, दोन थेंब एकमेकांना चिकटून. मी नळी हलवली की ते इंचभर सरकायचे आणि परत जागेवर. ब्लोअर नव्हता, म्हणून नळी सोडवून जोरात झटकली, नंतर सुकू दिली. परत जोडली तर आवाज चालू.

मग अंगठ्याचा प्रयोग. डाव्याची शिट्टी टोक दाबलं की बंद. उजव्याची बंद होईना. नळी काढून हुकावर बोट ठेवलं तर एकदम शांत. म्हणजे दोनकान्यांच्या हिशोबाने फट नळीत. भिंगाखाली बघितलं तर जिथे नळी हुकावर चढते तिथे केसासारखी चीर. नळी वाकवली तरच उघडते, एरवी दिसतही नाही. आणि नळी कुठली, जुन्या चिकटपट्टीसारखी पिवळी झालीय, बोटाने दाबली तर दबत नाही. दोन वर्षांत एकदाही बदललेली नाही. बदलायची असते हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.


दोनकान्या:

दोन वर्षं एकच नळी! तिचा सत्कार करा आधी.

नळी तीन ते सहा महिन्यांत बदलायची. घाम आणि कानातल्या तेलकटपणाने ती कडक होते, आकसते आणि मग मोल्डला कानाबाहेर ओढायला लागते. म्हणजे चीर नसली तरी शिट्टी. काम पाच-दहा मिनिटांचं असतं, पण घरी करू नका. लांबी चुकली तर पंचाईत. आखूड कापली तर मोल्ड वर खेचला जातो, लांब राहिली तर मशीन कानामागे लोंबतं आणि मान वळवली की पडतं. बदलून घेताना आईंना समोर बसवूनच मापाची कापायला सांगा. वाफ फार धरत असेल तर जाड भिंतीची, ओल कमी धरणारी नळीही असते, तिची चौकशी करा.

अवांतर: माझ्या आजोबांचं मशीन खिशात ठेवायची डबी होती, तिथून कानापर्यंत वायर. ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याला रेडिओ आठवतो, पण बाजारात ट्रान्झिस्टर आधी आला तो कानाच्या मशीनमधून, १९५२ च्या अखेरीस. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर, १९५४ मध्ये. पूर्ण डिजिटल मशीनं मिळायला १९९६ उजाडलं. आणि या सगळ्या प्रगतीच्या शेवटी आवाज कानात नेणारी वस्तू कोणती, तर ही प्लास्टिकची नळी.


गॅलरीतली_चिमणी:

वाचनखूण साठवली. सासऱ्यांच्या मशीनची नळी आत्ता बघून आले. पिवळी. :(


अर्धविराम:

सेलचं कोडंही सुटलं, आणि ते सुटल्यावर मी पाच मिनिटं हसत होतो. वहीत आईने सेल बदलल्याच्या तारखा लिहून ठेवल्यात (ती सगळंच लिहून ठेवते). प्रत्येक पाकिटातला पहिला सेल अकरा-बारा दिवस, पुढचे कमी कमी, शेवटचा चार दिवस. मी विचारलं, पाकीट आणल्यावर तू करतेस काय? तर म्हणाली, ‘ते स्टिकर फार घट्ट असतात, माझी नखं लागत नाहीत. म्हणून पाकीट आणलं की तू घरी असतोस तेव्हा तुझ्याकडूनच सहाही काढून घेते ना.’

म्हणजे काढणारा मीच. दर वेळी.


बावीस_श्रुती:

हे मी दर महिन्याला एकदा तरी ऐकते. :)

हे सेल झिंक-एअर जातीचे. त्यांना काम करायला हवेतला ऑक्सिजन लागतो. सपाट बाजूला बारीक भोकं असतात आणि स्टिकर ती भोकं बंद ठेवतो. स्टिकर निघाला की सेल जागा झाला, मग मशीनमध्ये घाला नाहीतर ताटलीत ठेवा, तो उतरायला आणि सुकायला लागतो. स्टिकर परत चिकटवून फारसा फायदा होत नाही. स्टिकर काढल्यावर मात्र चार-पाच मिनिटं तसाच ठेवून मग घाला, आत हवा पुरेशी शिरली की सेल पूर्ण जोमाने सुरू होतो. अधिकचं चिन्ह असलेली सपाट बाजू वर. दार जोर लावून बंद करावं लागत असेल तर सेल उलटा आहे, रेटू नका.

आणखी तीन बारीक गोष्टी. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. पर्समध्ये सुट्या नाण्यांबरोबर टाकू नका. आणि रात्री मशीन काढलं की सेलचं दार उघडं ठेवा. सेल वाचतो आणि आतली ओलही बाहेर पडते. सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) डबीत मशीन ठेवत असाल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ती डबी मशीनबरोबर सेलही सुकवते.

१३ नंबरचा सेल दिवसभर वापरात एक ते दोन आठवडे पुरतो, म्हणजे आईंचे अकरा-बारा दिवस अगदी बरोबर होते. हा सेल हळूहळू मंदावत नाही, शेवटपर्यंत जवळजवळ सारखा चालतो आणि मग पटकन मान टाकतो. म्हणून बाहेर जाताना एक जवळ असलाच पाहिजे, स्टिकरसकट.

नखांचा प्रश्न खरा आहे. काही पाकिटांमधल्या सेलच्या स्टिकरला लांब शेपूट असतं, तसले आणा. सेल उचलायला चुंबकाची काडीही मिळते.


कपिलाषष्ठी:

सेलचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीने सांगते. माझा मुलगा अडीच वर्षांचा असल्यापासून मशीन लावतो. घरात लहान मूल असेल, आजीआजोबांचं मशीन असलं तरी, जुने सेल टेबलावर पडू देऊ नका. मुलाने बटण सेल गिळला, किंवा गिळला असल्याचा नुसता संशय जरी आला, तरी ‘बघू संध्याकाळपर्यंत’ असं करायचं नाही. थेट इस्पितळ. अन्ननलिकेत अडकला तर काही तासांतसुद्धा आतून भाजतं. मुलांच्या मशीनच्या सेलच्या दाराला कुलूप असतं ते याचसाठी. मोठ्यांच्याही मशीनला बसवून मिळू शकतं, विचारा.

आणि कुत्रा. ती शिट्टी आणि कानाचा वास, दोन्हींचं त्याला भारी आकर्षण. आमच्या मोल्डचा मी चोथा पाहिलाय. तेव्हापासून झाकणाची डबी, उंच फळीवर.

अर्धविराम, रोज सकाळी एक मिनिटाची चाचणी करा. मुलांसाठी करतात, पण मोठ्यांनाही चालते. आईच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून सहा आवाज काढायचे: म, ऊ, आ, ई, श, स. क्रम रोज बदलायचा, मधे थोडं थांबायचं. तिने ऐकू आलेला आवाज परत म्हणायचा. ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या पट्टीतले, ‘श’ आणि ‘स’ वरच्या. काल ‘स’ ऐकू येत होता आणि आज येत नाही, तर मशीनमध्ये, नळीत किंवा कानात काहीतरी झालंय हे तिच्याआधी तुम्हाला कळतं.


सडेतोड:

एवढा मोठा धागा आणि एकानेही खरं बोलू नये? ही मशीनं मुळात निरुपयोगी असतात. माझ्या काकांनी घेतलं, चांगल्यातलं. पेपर चाळला तर कानात आग लागल्यासारखा चरचराट, नळ सोडला तर धबधबा, आणि माणसं काय बोलतात ते कळतच नाही. ‘आवाज येतो, शब्द येत नाही’ हे त्यांचं वाक्य. महिन्याभरात कपाटात. काकूंनीही (अर्धविराम यांच्या आईंनी) ड्रॉवरमध्ये ठेवलंय त्यामागे हेच कारण असणार, बघा विचारून.


बावीस_श्रुती:

सडेतोड, तुमच्या काकांचं वाक्य मी माझ्या खोलीत भिंतीवर लावावं इतकं नेमकं आहे. रागावून नाही म्हणत.

वयानुसार कान जातो तो बहुधा वरच्या पट्टीतून आधी जातो. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत आणि ठणठणीत असतात. पण स, श, त, क, प, फ हे हलके आणि वरचे. म्हणून ‘सात’ म्हटलं की ‘आत’ ऐकू येतं, ‘पान’ आणि ‘कान’ सारखेच वाटतात. माणूस बोलतोय हे समजतं, काय बोलतोय ते नाही. त्याला घरचे म्हणतात ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं’. तसं नसतं हो. हवं ते वाक्य ओळखीचं असतं, गाळलेल्या जागा मेंदू भरून घेतो.

मशीनने ही वरची पट्टी मोठी करून द्यायची असते. पण त्यात अडचण अशी, की ज्या कानाला हलका आवाज ऐकू येत नाही त्याला मोठा आवाज आपल्याइतकाच मोठा लागतो. सहन होण्याची वरची हद्द जागच्या जागीच, खालची तेवढी वर सरकलेली. त्या अरुंद पट्ट्यात सगळं जग कोंबायचं. म्हणून हलका आवाज जास्त वाढवायचा आणि मोठा कमी, हे प्रत्येक कानाच्या आलेखाप्रमाणे (कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं ते दाखवणाऱ्या) बसवावं लागतं. नुसता आलेख संगणकात घालून ‘झालं’ म्हटलं तर पुष्कळदा चुकतं, कारण प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी. मशीन कानात असतानाच बारीक मऊ नळी पडद्याजवळ नेऊन तिथे प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजता येतं. ‘रिअल इअर मेजरमेंट’ म्हणतात. काकांचं ते केलं होतं का, विचारा. नसेल तर करून घ्या.

आणि कागदाचा चरचराट खराच असतो. वर्षानुवर्षं न ऐकलेला आवाज मेंदूला परका वाटतो. सुरुवातीला शांत घरात, दिवसाला थोडे तास, एकाच माणसाशी बोलताना लावायचं आणि वाढवत न्यायचं. काही आठवडे जातात, कुणाला काही महिने. एकदम गर्दीच्या समारंभात पहिल्या दिवशी लावून नेलं तर कुणीही कपाटात ठेवेल.


सडेतोड:

मोजणी वगैरे काही केली नव्हती. विचारतो. (पण शेवटचा मुद्दा सोडत नाही, काकूंना विचाराच.)


दोनकान्या:

+१. सडेतोड यांच्याशी सहमत होण्याची ही पहिलीच वेळ, तारीख लिहून ठेवतो.


अर्धविराम:

मधे पाच दिवस गेले. दुसऱ्या एका ऑडिओलॉजिस्टकडे गेलो. दोन्ही नळ्या बदलल्या. कान तपासला तर उजव्या कानात मळाचा खडा, तो कानाच्या डॉक्टरांनी काढला. (आई कापसाची काडी वापरायची, त्याने मळ आणखी आत दाबला गेला होता. डॉक्टर काडीवर बरेच बोलले.) मशीन तपासणीच्या यंत्रावर लावून बघितलं, आहे तसं ठणठणीत. नवीन घ्यायची गरज नाही.

तरी उजव्याची थोडी शिट्टी राहिलीच होती. त्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आईला सांगितलं, ‘तुम्ही घरी घालता तसं घाला बरं.’ आईने मोल्ड कानात खुपसला, मशीन मागे अडकवलं, झालं. बाईंनी मला जवळ बोलावून दाखवलं. मोल्डचं वरचं निमुळतं टोक कानाच्या वरच्या घडीखाली जायला हवं, ते बाहेरच राहिलं होतं. तेवढ्याच फटीतून शिट्टी. त्यांनी आईच्या दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायला लावला, मोल्डचं आत जाणारं टोक आधी, मग जरासा मागे फिरवून वरचं टोक घडीखाली बोटाने दाबलं. बारीक ‘चप’ असा आवाज आला. शिट्टी गेली. आईने पाचदा काढून घालून दाखवलं तेव्हाच सोडलं.

आणि सडेतोड, विचारलं. आईच उत्तर लिहितेय, मी फक्त फोन धरलाय. खरं तर फोनही तिनेच धरलाय.


अर्धविराम (आई):

मी याची आई. सर्वांचे आभार. उंटावर बसलेल्या मुलाचेही.

हा म्हणतो मशीन बिघडलं म्हणून ठेवून दिलं. शिट्टी मला ऐकूच येत नव्हती, तिचा मला काय त्रास? सेल संपला तर मी बदलते. मी मशीन ठेवून दिलं कारण घरातले सगळे ‘आई, वाजतंय’ म्हणायचे. जेवताना, पाहुण्यांसमोर, फोनवर असताना. दिवसातून वीस वेळा. बोलायचं राहिलं बाजूला, मी कानाला हातच लावत बसायचे. त्यापेक्षा ऐकू न आलेलं परवडलं.

दुसरं, मशीन लावल्यावर लोकांना वाटतं हिला आता सगळं येतं. मग स्वयंपाकघरातून बोलतात, पाठ करून बोलतात, तिघं एकदम बोलतात. आणि मी ‘काय?’ म्हटलं की ‘काही नाही, जाऊ दे’. हे ‘जाऊ दे’ मला चांगलं ऐकू येतं.

आणि डॉक्टरकडे गेलं की सगळे याच्याशी बोलतात. त्या दिवशीच्या बाई माझ्याशी बोलल्या. म्हणून मी पाचदा घालून दाखवलं.


दोनकान्या:

काकू, साष्टांग. १९ वर्षांत मला हे असं मांडता आलं नाही.


कपिलाषष्ठी:

माझ्या मुलालाही मी दिवसातून किती वेळा ‘वाजतंय बघ’ म्हणते ते मोजायला हवं. आजपासून आम्ही खूण ठरवतो, नुसता कानाला हात लावून दाखवायचा.


बावीस_श्रुती:

काकू, तिघं एकदम बोलतात त्यावर थोडा इलाज आहे, पूर्ण नाही. तुमच्या मशीनला दोन माइक असतील तर ते समोरचा आवाज उचलून मागचा दाबू शकतात. म्हणून बसताना गोंगाट पाठीशी आणि माणसं समोर अशी जागा तुम्हीच आधी पकडायची. भिंतीकडे तोंड करून बसलात तर मशीन भिंतीचं ऐकतं. आणि अंतर. मोकळ्या जागेत माणूस दुप्पट लांब गेला की त्याचा आवाज ६ डेसिबलने पडतो, मशीनला ते भरून काढताना आजूबाजूचा गलकाही वाढवावा लागतो. दुसऱ्या खोलीतून हाक मारणाऱ्याला उत्तर देऊ नका. येतील समोर.

अर्धविराम, ओरडू नका, फक्त जरा सावकाश बोला. ओरडलं की स्वर मोठे होतात, ‘स’ आणि ‘त’ तिथेच राहतात. आणि परत सांगताना तेच वाक्य तसंच न म्हणता शब्द बदलून सांगा.


उंटावरचा_शहाणा:

स्पिरिटचा सल्ला अधिकृतपणे मागे. पण एक शंका. आमच्या काकांचं मशीन चष्मा काढताना उडतं, दोनदा फरशीवर पडलं. काही उपाय?


दोनकान्या:

चष्मा एका हाताने बाजूला ओढून काढत असतील. दोन्ही हातांनी दोन्ही काड्या धरून सरळ पुढे काढायचा. आणि मशीन घालणं-काढणं नेहमी पलंगावर बसून, मांडीवर टॉवेल पसरून. मोल्ड काढताना नळीला धरून ओढायचं नाही, मोल्डलाच बोट घालायचं. एवढं केलं तर फरशी वाचते.


गॅलरीतली_चिमणी:

काकू, एक विचारू? सासरे फोन घेत नाहीत, म्हणतात मशीन लावून ऐकू येत नाही. तुम्ही मावशींशी तासतास बोलता ते कसं?


अर्धविराम (आई):

अगं, ते फोन कानाच्या भोकाशी धरत असतील. तिथे तर मोल्डचं बूच आहे. ऐकणारी भोकं मशीनच्या डोक्यावर आहेत, कानाच्या वर. फोन तिथे न्यायचा, जरासा तिरका, अगदी चिकटवायचा नाही, चिकटवला की वाजतं. नातू म्हणतो आजी डोक्याशी बोलतेय. बोलू दे. बहिणीने काल पाऊण तास तिच्या गुडघ्यांचं सांगितलं आणि मला सगळं ऐकू आलं.